थांबवलेली होडी

घुमटीची घंटा वाजू लागली तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात डिझेलच्या पावत्या फाडत बसले होते. आरतीची वेळ नव्हती. घंटा थांबेना, तेव्हा मी पावतीपुस्तक तसंच टाकून पुळणीकडे, समुद्रकाठच्या वाळूकडे धावले.

आमच्या खडपवाडीत महापुरुषाच्या घुमटीची घंटा अवेळी वाजली, की तिला हाक म्हणतात. समुद्रात कोणी संकटात दिसलं, तर ज्याला दिसलं त्याने जाऊन घंटा बडवायची, आणि ऐकू गेलेल्या प्रत्येक घरातून एक पुरुष वल्हं घेऊन पुळणीवर हजर व्हायचा. जेवत असला तर ताट तसंच सोडून. एकमेकांशी कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा त्या वेळी एका होडीत बसायचे. एक गोष्ट मात्र कोणी करायची नाही. कोणी बघितलं, कुठे बघितलं, असं विचारायचं नाही. विचारण्यात वेळ जातो आणि बुडणाऱ्याकडे वेळ नसतो. फार वर्षांपूर्वी एकाने विचारलं होतं म्हणे, त्याच्या नातवंडांना अजून लग्नाकार्यात त्यावरून टोमणे बसतात.

दसरा होऊन आठवडा झाला होता. वादळाचा इशारा आदल्या दिवशीच आला होता आणि बहुतेक बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या. 'जलदुर्गा' मात्र परतली नव्हती. तिच्यावर पाच माणसं होती, त्यातला एक माझा धाकटा भाऊ गौरेश. सकाळपासून सोसायटीच्या वायरलेस सेटवर मी तिला हाका मारत होते आणि खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

पुळणीवर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याची, मोठी होडी आधीच पाण्याच्या रेषेपर्यंत ओढली होती. आठ जण वल्ही घेऊन उभे होते. त्यातला एक माझ्या वर्गातला, दोघांची लग्नं त्याच उन्हाळ्यात झालेली. पलीकडे खाडीच्या मुखाशी लाटा एकीवर एक फुटत होत्या. त्या मुखातून होडी बाहेर काढायची म्हणजे जिवाशी खेळ, हे मला कळत होतं तसं त्या आठ जणांनाही कळत होतं. पण हाक ती हाक.

घंटा वाजवली होती बाबल कुबलने. वाडीत बर्फ विकायचा आणि वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचा. दोन्ही कामं मन लावून करायचा.

"जलदुर्गा उलटली!" तो फोन उंच धरून ओरडत होता. "बारा वाव पाण्यात उलटली!"

मी त्याच्यासमोर गेले आणि विचारलं, "बाबल, कोणी बघल्यान?"

वल्हं घेतलेल्या एकाने माझ्याकडे असं बघितलं, की मी घुमटीवर थुंकलेच जणू.

"तुझोच भाव आसा गो थंय," तो म्हणाला. "आणि तू इचारतंस?"

"म्हणानच इचारतंय. बाबल, दाखव माका."

त्याने फोन दिला. करड्या लाटांत एका बोटीचा उलटलेला तळ दिसत होता. दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून काढलेलं होतं, वाऱ्याचा घोंगाट होता आणि मध्येच कोणीतरी काहीतरी ओरडत होतं, पण भाषा आपली नव्हती. खाली लिहिलं होतं : 'खडपवाडीची जलदुर्गा बुडाली. सर्व खलाशी बेपत्ता. जास्तीत जास्त पुढे पाठवा.'

"ह्यात जलदुर्गेचा नाव खंय दिसता?" मी विचारलं. "रंग तरी दिसता?"

"उलटल्या बोटीचो रंग काय बघतलंस? आणि किती जणांनी धाडल्यानी ता बघ की. सगळे काय खुळे आसत?"

"धाडल्यानी म्हणजे बघल्यानी नाय. तुका कोणी धाडल्यान?"

त्याला त्याच्या मेहुण्याने पाठवलं होतं. मी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "माका पण इला." कोणाकडून? बर्फाच्या फॅक्टरीतल्या मित्राकडून. मित्राला लावला. "माका पण इला." त्याने एका ट्रॉलरवाल्याचा नंबर दिला. तो ट्रॉलरवाला वादळाचा घरातच बसला होता, समुद्र त्याने खिडकीतूनही बघितला नव्हता. "माका पण इला गो," तो म्हणाला आणि वर मलाच विचारलं, "खरा आसा काय?" त्याच्या पुढचा नंबर बंद होता. तिथे माझी वाट संपली.

या सगळ्यात माझे बाबा होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाशी उभे राहून मुखाकडे बघत होते. भिवा तारी म्हणजे रापणीच्या होडीचे तांडेल. त्यांच्या शब्दाशिवाय ती होडी पाण्यात जात नसे. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात बाबा, मी आणि गौरेश एवढीच माणसं. बाबांनी माझं कधी फारसं ऐकलं नव्हतं. मी सोसायटीत नोकरी धरली, ते त्यांना पसंत नव्हतं. मी लग्नाला नाही म्हटलं, ते त्याहून नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेले.

"बाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका काय वाटता?"

"खोटा वाटता, बाबानू."

"वाटता, काय म्हायत आसा?"

"वाटता. नक्की माका म्हायत नाय."

बाबा वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हेमान फोन करून बघल्यान. बातमी खोटी आसा. होडी जावची नाय."

मी चमकले. मी असं म्हटलं नव्हतं. पण त्या वेळी बाबांचा शब्द दुरुस्त करायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला, या विचाराने त्या भीतीतही मला भरून आलं.

शेवंतीकाकी गर्दीतून पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा सत्यवान गौरेशबरोबर त्याच बोटीवर होता.

"खोटी कशान?" तिने बाबांची कॉलरच धरली. "तुझ्या चेडवाक म्हायत आसा? ता काय दर्यात गेला होता? तुझो झील तुका जड झालो आसात तर बुडव तेका. माझ्या झिलाक कित्याक बुडवतंस रे भिवा?"

तिचा हात कॉलरवरून बाबांनी हळूच सोडवला, होडीच्या नाळेपुढे गेले आणि ओल्या वाळूत मांडी घालून बसले. आता होडी ढकलायची तर त्यांच्या अंगावरूनच ढकलावी लागली असती. आठ जणांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने वल्हं वाळूत आपटलं. दुसरा म्हणाला, "तेचोच झील आसा थंय. तोच बसलो, तर आपण काय करतलो?" आणि खाली बसला.

शेवंतीकाकी मात्र बसली नाही. ती उभी राहून बाबांना शिव्या देत राहिली. त्यांच्या बापजाद्यांना, माझ्या मेलेल्या आईला, मला. बाबा मुखाकडे बघत बसून होते.

मी ऑफिसात पळाले. वायरलेसवर पुन्हा पुन्हा जलदुर्गेला बोलावलं. उत्तर नाही. ओळखीच्या बंदरांत फोन लावले, निम्मे लागले नाहीत, लागले त्यांना काही माहीत नव्हतं. आणि मधल्या वेळात माझा स्वतःचा फोन थरथरत राहिला. वाडीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची पिवळी चित्रं येत होती. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. कोणी उद्योगी माणसाने पाचही जणांचे फोटो फुलांच्या चौकटीत बसवले होते. गौरेशचा फोटो आमच्या मावसबहिणीच्या लग्नातला होता. त्यात त्याच्या शेजारी मी उभी होते. मला कापून टाकलं होतं, फक्त माझा खांदा राहिला होता.

तो खांदा बघून मला रडू येणार होतं, त्याऐवजी राग आला, हे बरं झालं. मी बाबलला शोधून काढलं. तो घुमटीच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता.

"ग्रुप बंद कर," मी म्हटलं.

"आता? लोकांका काय कळूक नको?"

"काय कळाचा? तुका तरी काय कळला? शेवंतीकाकीक मुंबयसून फोन येतत, तेरावा कदी म्हणान इचारतत. बंद कर, बाबल. तुझ्याशिवाय कोणाक काय टाकता येवचा नाय असा कर, आणि तू पण काय टाकू नको."

त्याने केलं. बटण सापडायला त्याला वेळ लागला. "मी बघलंय असाच माका वाटला गो," तो म्हणाला. "इतको स्पष्ट दिसत होतो इडिओ." मला तेव्हा त्याची कीव आली नाही, आता येते.

दिवस कलायला लागला तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.

"ताई, मी."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ताई, आयकतंस मा? आमी देवगडात आसो. इंजिनात पाणी गेला, बॅटऱ्यो बसल्यो. सेट पण गेलो. एका बोटीन ओढून हाडल्यान. पाचय जण बरे आसो. ह्यो हयल्या एका माणसाचो फोन आसा... ताई?"

मी पुळणीपर्यंत कशी पोचले, ते मला आठवत नाही. शेवंतीकाकीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, सत्यवानाला बोलवायला लावलं, त्याचा आवाज ऐकला आणि त्याला अशा काही शिव्या घातल्या, की मघाच्या बाबांना घातलेल्या त्यापुढे आरतीच. मग ती बाबांच्या पायाशी बसली. आठही जण ओरडत होते, मिठ्या मारत होते. बाबल लांब उभा राहून रडत होता.

बाबा उठले. धोतराची वाळू झटकली. "होडी वर घेवा," म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

त्यांना आनंद का झाला नाही, असं मला त्या दिवशी वाटलं नाही. थकले असतील, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून नवीच गोष्ट सुरू झाली. सुरुवात बहुतेक शेवंतीकाकीने केली, आणि वाईट हेतूने नाहीच केली. शिव्या दिल्याची भरपाई म्हणून ती जो भेटेल त्याला सांगत सुटली, की भिवा तांडेलाला दर्या बोलतो. त्याने लाटेचा रंग बघितला आणि ओळखलं, की बोट सुखरूप आहे. बाप असूनही हलला नाही, का? तर दर्याने त्याच्या कानात सांगितलं होतं. ही गोष्ट आमच्या वाडीतून पुढच्या वाडीत, तिथून तालुक्याला गेली. बाबांचा फोटो आला, मागे सूर्यास्त, खाली मजकूर : 'समुद्राचं मन जाणणारा तांडेल. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.' पंधरा दिवसांत तो मला मुंबईहून, पुण्याहून आणि एकदा दुबईहून आला. माझ्या तीन फोनांचं नाव कुठे नव्हतं. त्याचं मला फार वाटलं नाही, थोडंच वाटलं. गौरेशने तर तो फोटो स्टेटसला लावला तो काढायलाच तयार नव्हता. "माझो बापूस," तो मित्रांना सांगायचा, "मी जिवंत आसंय ह्या तेका घरात बसान कळता."

तालुक्याच्या एका मंडळाने सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, भाषण. बाबांनी जायला नकार दिला. मंडळाची माणसं घरी येऊन विनवून गेली, तेव्हा बाबा मागच्या दाराने निघून गेले आणि अंधार पडायच्या बेताला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर रापणीचं जाळं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "बाबानू, लोक एवढा बोलवतत. जावक काय झाला?"

"खोट्याचो सत्कार घेवचो?"

"खोटा काय त्यात? लाटेचा रंग-बिंग सोडा. पण तुमी होडी थांबवलात, ता खरा ना?"

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"बाय, त्या दिवशी तू सांगलंस खोटा वाटता म्हणान. माका ता पटूक नाय."

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"माका वाटला गौरेश गेलो. तसल्या दर्यात बोट उलटल्यार माणूस रवता? पाचय जण गेले, असाच माका वाटला. गेलेल्यांच्या पाठसून आणि आठ जण कित्याक धाडू? पण तसा तोंडान बोललंय असतंय तर कोण आयकतलो? शेवंती तर पाण्यात शिरली असती. म्हणान तुझा नाव घेतलंय. तू फोन केलंस, ता सगळ्यांनी बघलेला होता."

मला आधी स्वतःचंच वाईट वाटलं, ते लपवत नाही. बापाने जन्मात एकदा आपलं ऐकलं, या सुखावर मी इतके दिवस पोसले होते. ते तर मला आडोसा म्हणून वापरून मोकळे झाले होते. चहावर साय धरली तरी मी तशीच उभी होते. मग हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं, की ते ओल्या वाळूत काय करत बसले होते.

"थंय बसान मी तेका निरोप दिलंय, बाय," ते म्हणाले. "मनातल्या मनात सगळा केलंय. पिंडसुद्धा ठेवलंय. शेवंती शिव्या देय होती ना, ता बरा वाटा होता. आणि दुसऱ्या दिवशी तो दारात येवन माका इचारता, बाबानू, जेवलात काय? तेच्या तोंडाकडे मी अजून नीट बघूक नाय."

मी साय धरलेला चहा उचलून बाजूला ठेवला.

"तेव्हा तू इतको तपास केलंस," ते म्हणाले. "माका दर्यान सांगल्यान म्हणतत, तेचो तपास कोण करता? ह्या पण थांबव."

"ह्या थांबवूचा तर गौरेशाक कळतला."

"कळांदे. मी सांगतंय तेका."

त्याच दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं. मी ताटं उचलत होते, ती तशीच धरून उभी राहिले. बाबांनी काही मऊ केलं नाही, मला सांगितलं तेवढंच आणि तसंच सांगितलं. गौरेश आधी हसला. त्याला चेष्टा वाटली. मग त्याचं हसू गेलं.

"किती येळ?" त्याने विचारलं. "किती येळ मी तुमच्यासाठी मेलेलो होतंय?"

"तुझो फोन येयसर."

"आणि होडी पाठवूक नाय."

"नाय."

"एक डाव पण वाटला नाय, बघूया तरी म्हणान?"

"वाटला," बाबा म्हणाले. "म्हणान तर होडयेच्या आडो बसलंय. उभो रवलंय असतंय तर मीच ढकललंय असतंय."

गौरेश हात धुवायचंही विसरला. उठला आणि बाहेर गेला. त्या रात्रीपासून तो जलदुर्गेवर झोपू लागला, जेवायला शेवंतीकाकीकडे. रस्त्यात भेटला तर माझ्याशी बोलायचा, घरचा विषय निघाला की गप्प. स्टेटसवरचा फोटो त्याने काढून टाकला होता.

बाबा म्हणाले, "चुकला माझा. सांगूक नको होता." मी त्यांना नाही म्हटलं, पण माझाही धीर सुटत चालला होता. खरं सांगून घर मोडायचं असेल तर ते सांगावंच कशाला, असं मला त्या आठवड्यात कितीदा तरी वाटलं.

मग एका सकाळी, बाबलने पुन्हा खुल्या केलेल्या वाडीच्या ग्रुपवर गौरेशचा आवाज आला. लिहिलेलं नव्हतं काही, नुसता बोललेला निरोप. बाबा ओसरीवर जाळ्यापाशीच होते. त्यांना फोन वापरता येत नसे. मी त्यांच्या कानाजवळ धरला.

"मी गौरेश भिवा तारी, जलदुर्गेवरचो खलाशी. माझ्या बापाशीक दर्यान काय एक सांगूक नव्हता. ती गोष्ट खोटी आसा. तेका मी मेलंय असाच वाटला होता. तरी तेणी आठ जणांक पाण्यात जावक दिल्यान नाय. शिव्या खाल्ल्यान आणि गप बसलो. ते आठय जण आज जिते आसत, ह्या आयकतत. ह्या माका कोणी धाडूक नाय, माझ्या बापाशीन माका तोंडार सांगल्यान. जेंनी ती पयली गोष्ट धाडल्यानी, तेंनी ह्या पण धाडा."

तो निरोप फारसा कुठे गेला नाही. वाडीतल्या लोकांनी ऐकला, पुढे पाठवावा असं कोणाला वाटलं नाही. लाटेचा रंग ओळखणाऱ्या तांडेलाचा फोटो मात्र अजून फिरतो. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी आता घरात चालवते त्या होमस्टेला येणारे पाहुणे मला तो दाखवतात आणि हे तुमचेच का, असं विचारतात. मी बसवून घेते आणि खरं काय ते सांगते. काही जणांना ते आवडत नाही.

त्या सकाळी आवाज संपला तेव्हा बाबांचे हात जाळ्यावर तसेच राहिले होते. मी वर बघितलं तर गौरेश खांद्याला पिशवी लावून अंगणात उभा होता. कधी आला होता कोण जाणे. घरात यावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. बाबांनीही त्याला बघितलं होतं. पण ते माझ्याकडे वळले.

"बाय," म्हणाले, "परत लाव."